सात नंबरची काच

मुरुडच्या नाक्यावरच्या बंगल्यात काच फुटते, ही गोष्ट मला पहिल्यांदा सांगितली ती लातूरच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईनं. तेव्हा मी नांदेडला शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते. बोलता बोलता मुरुडचं नाव निघालं आणि बाईनं आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"भर दुपारी फुटती," ती म्हणाली. "दाराला कुलूप हाय, आत माणूसकाणूस न्हाई, अन् खळ्ळकन आवाज येतो. माझ्या जावंनं सोता ऐकलाय. लई वंगाळ जागा हाय ती."

"असं का," मी म्हणाले आणि तिनं दिलेले शेंगदाणे खात राहिले. काचा फोडणारं जे कोण आहे ते तुमच्या शेजारीच बसलंय, असं सांगून तिचा प्रवास कशाला बिघडवायचा?

मी दहा-अकरा वर्षांची असताना त्या बंगल्यातल्या सहा काचा फोडल्या. भर दुपारी, ठरवून, एकेक करून. हे मी कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, पुढं नवऱ्याला नाही, आणि अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तर नाहीच. काचा त्यांच्याच होत्या.

बंगला मात्र आमचा नव्हता. निजामाच्या काळात मुरुडच्या पुढं बार्शीच्या बाजूला इंग्रजांची हद्द लागायची. म्हणून या रस्त्यावर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता. बैलगाड्या थांबायच्या, पोती उघडली जायची आणि मगच गाडी पुढं सुटायची. त्या नाक्यावरच्या साहेबासाठी हा बंगला बांधला. सगळं गाव काळ्या दगडाचं आणि पांढऱ्या मातीचं, त्यात हा एकटा तांबड्या विटांचा. विटा ओढ्याकाठी भट्टी लावून तिथंच भाजलेल्या. पातळ आणि लांबट. काही विटांवर ओल्या मातीत बोटानं ओढलेलं उर्दू अक्षर असायचं, काहींवर नुसता अंगठा. त्या अंगठ्यात माझा अंगठा बरोबर बसायचा.

अण्णा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. बंगल्याच्या मागच्या तीन खोल्या आम्हाला क्वार्टर म्हणून मिळाल्या होत्या. पुढच्या दालनात खात्याचं सामान पडलेलं असायचं. अण्णांना त्या बंगल्याचं भारी कौतुक. कुणी पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला भिंत दाखवायचे. जोतं काळ्या दगडाचं, त्यावर दोन हात जाडीची विटांची भिंत, एका थरात विटा लांबीनं आणि दुसऱ्या थरात रुंदीनं लावलेल्या. चुना बैल फिरवून घाण्यात मळलेला, त्यात गुळाचं पाणी आणि हिरड्याचा काढा. अण्णा हातोडीच्या दांड्यानं भिंतीवर टकटक करायचे आणि पाहुण्याला कान लावायला सांगायचे. बिचारा पाहुणा कान लावायचा. चांगली वीट कशी वाजते, हे चहा थंड होईपर्यंत ऐकून घ्यायचा.

पुढं पाच कमानींचा व्हरांडा होता. छत खूप उंच, वर झरोके. आणि दालनात शेकोटीची चिमणी. मुरुडात, जिथं मार्चपासून माणूस भाजून निघतो तिथं, शेकोटी! अण्णांचं म्हणणं असं की साहेबानं नकाशा कुठल्या तरी थंड मुलुखातल्या पुस्तकातून उचलला असणार आणि गवंड्यानं निमूट बांधून दिला असणार. आईनं त्या शेकोटीत लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्या. लोणचं तिथं छान टिकायचं, एवढं खरं.

व्हरांड्याच्या टोकाला अर्ध्या कमानीची एक छोटी खिडकी होती. पूर्वी तिथून गाडीवाल्यांना पावती मिळायची. मी आणि माझी मोठी बहीण तिथं नाका-नाका खेळायचो. तिला मी अक्का म्हणायचे. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, त्यामुळं साहेब कायम तीच. मी बाहेरून उशीची गाडी ओढत यायचे. अक्का खिडकीतून विचारायची, "गाडीत काय हाय?" मी म्हणायचे, ज्वारी. मग ती उशी चाचपायची आणि तिला आत हमखास काहीतरी सापडायचं, कधी तिचीच रिबीन, कधी पेन्सिल. लपवलं की गाडी परत, हा नियम. माझी गाडी आयुष्यात एकदाही नाक्यापार गेली नाही.

त्या वर्षीच्या महालक्ष्म्यांना अक्कानं एक चूक केली. चूक म्हणजे आईच्या लेखी चूक. आमच्याकडं महालक्ष्म्या घरात येतात तेव्हा दारापासून त्यांच्या जागेपर्यंत पावलं काढतात. मूठ रांगोळीत किंवा कुंकवात बुडवून जमिनीवर टेकवायची आणि वर बोटानं पाच ठिपके द्यायचे. पावलं नेहमी आत येणारीच काढायची. सणानंतर ती पुसली जातात. अक्काला पुसायचाच कंटाळा. तिनं अण्णांचा तांबड्या ऑइलपेंटचा डबा उघडला आणि मोठ्या दारापासून मधल्या खोलीतल्या कोनाड्यापर्यंत फरशीवर पक्की पावलं उमटवून ठेवली. आई संध्याकाळभर रॉकेलच्या फडक्यानं अक्काची मूठ घासत होती आणि तोंडानं तिला धुऊन काढत होती. अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दरसालचं काम वाचलं."

महालक्ष्म्यांच्या जेवणाला औश्याकडची मावशी आली होती. जाताना अक्का तिच्याबरोबर गेली. गणपतीचं विसर्जन बघून येते म्हणाली.

विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे जमीन हलली. आम्ही अंगणात पळालो. बंगला उभा राहिला. मावशीचं घर दगडमातीचं होतं, ते राहिलं नाही. मावशी गेली, काका गेले, अक्का गेली. एवढंच लिहिते. याहून जास्त मला आजही लिहिता येत नाही.

त्यानंतर आमच्या भागात कुणी छताखाली झोपत नव्हतं. पक्की घरं रिकामी आणि माणसं ताडपत्रीखाली. आमच्यासाठी अण्णांनी अंगणातल्या कडुलिंबाखाली पत्र्याचं शेड घातलं. बंगल्याच्या मागच्या खोल्यांत भिंतींना सहा भेगा पडल्या होत्या. बोटाचं नख जाईल एवढ्याच. आईनं विचारलं, "आत जायाचं कधी?" अण्णा म्हणाले, "भिंत सांगल तवा."

मग त्यांनी काचा लावल्या. जुन्या बांधकामात ही रीत आहे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी ठेवायची आणि दोन्ही टोकांना प्लास्टरचे गोळे लावून ती भिंतीला पक्की करायची. भिंत केसभर जरी सरकली तरी काच तडकते. काच टिकली तर भेग जुनी आहे, भिंत थांबलेली आहे. काचेचे तुकडे अण्णांनी लातूरच्या एका फ्रेमवाल्याकडून आणले. तो एरवी एकेक तुकडा जपून ठेवायचा, त्या साली मात्र त्यानं पिशवी भरून दिले. गावोगावच्या फोटोंना काचा कापून त्याच्याकडं तुकड्यांचा ढीग पडला होता. अण्णांनी पट्ट्या लावल्या आणि त्याच तांबड्या ऑइलपेंटनं शेजारी आकडे घातले, एक ते सहा. एक लांबट नोंदवही केली. सहा महिने काचा टिकल्या की आत जायचं, असं ठरलं.

मला आत जायचं नव्हतं.

छताची भीती सगळ्यांनाच होती, मलाही होती. पण माझी भीती वेगळी होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून डोकावलं की आतल्या चौकटीतून मधली खोली दिसायची, आणि फरशीवरची ती तांबडी पावलं. आत येणारी. बाहेर जाणारं एकही नाही. अक्का मावशीकडं गेली ती परत आलीच नाही असं सगळे म्हणत होते, आणि इथं तर तिच्या मुठीची पावलं दारातून आत गेलेली मला रोज दिसत होती. ती आतच आहे असं मला वाटायचं. मधल्या खोलीत भिंतीला टेकून ती बसली असेल, मी आत पाऊल टाकलं की विचारील, तू का नाही आलीस माझ्याबरोबर? मावशीनं मलाही चल म्हटलं होतं. मी आईला सोडून राहायची नाही म्हणून रडले होते.

पाच महिने काचा शाबूत राहिल्या. आई डबे घासून पुसून आत न्यायच्या तयारीला लागली. पत्र्याखाली तिचा जीव कासावीस व्हायचा. मग एका दुपारी ती लिंबाखाली लवंडली होती, अण्णा कामावर होते, तेव्हा मी खलबत्त्यातला बत्ता पंच्यात गुंडाळला आणि मागच्या दारानं आत गेले. मधल्या खोलीकडं पाठ केली. एक नंबरच्या काचेवर बत्ता हाणला आणि पळत सुटले. आवाज माझ्या अंदाजापेक्षा बराच मोठा झाला. रस्त्यानं जाणारी एक बाई थबकून बंगल्याकडं बघत राहिली. भुताची गोष्ट सुरू झाली ती तिथून.

संध्याकाळी अण्णा आले. काचेपुढं बराच वेळ उभे राहिले. मग नोंदवही घेऊन स्टुलावर बसले आणि पेन्सिलीनं काहीतरी काढत राहिले. मी दारात उभी होते. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं.

"हलली का भिंत?" आईनं बाहेरून विचारलं.

"हलली," अण्णा म्हणाले. "आजून थांबावं लागतंय."

 डबे परत शेडमध्ये आले.

पुढच्या वर्ष-दीड वर्षात मी सहाही काचा फोडल्या. आत जायची वेळ जवळ आली की एक. दर वेळी अण्णा तसेच स्टुलावर बसायचे, चित्र काढायचे आणि मुदत पुढं ढकलायचे. आई एकदा तडकून म्हणाली, "सगळं गाव आत गेलं. तुमच्या काचा बसा घेऊन." अण्णांनी ऐकून घेतलं. सहावी फुटल्यावर त्यांनी खात्याला कळवलं, की भिंती हलत आहेत, बंगला राहण्यास योग्य नाही. मग बदली मागून घेतली आणि आम्ही नांदेडला आलो. बंगल्याला कुलूप लागलं ते लागलंच.

नांदेडला अण्णांनी तळमजल्याचं, पुढं अंगण असलेलं घर शोधलं. मी अंगणात झोपायचे आणि तेही माझ्याबरोबर बाज टाकायचे. हळूहळू मी घरात झोपायला लागले, पण दाराजवळच. आजही आमच्या फ्लॅटमध्ये माझी गादी दाराकडं असते. नवरा म्हणतो, राखण करून राहिलीस का? मी हसते. कुठं भांडं पडलं, कप फुटला, की क्षणभर मी त्या स्वयंपाकघरात बत्ता धरून उभी असते. शाळेत प्रयोगाच्या तासाला परीक्षानळी फुटली तर मुली माझ्याकडं बघतात. मॅडम रागावल्या असं त्यांना वाटतं.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. अण्णा मागच्या साली गेले. त्यांच्या ट्रंकेत सगळ्यात खाली ती लांबट नोंदवही होती. मी पहिलं पान उघडलं. 'काच क्र. १' एवढं वाचलं आणि मिटून ठेवली.

यंदा दिवाळीनंतर एक फोन आला. बोलणारी मुलगी उदगीरची, अण्णांच्याच खात्यात नव्यानं रुजू झालेली इंजिनिअर. मुरुडच्या नाक्यावरचा जुना बंगला पाडायच्या यादीत आला होता. गावातल्या बायकांनी अर्ज दिला होता, की पाडू नका, मुलींना अभ्यासिका करून द्या, घरात पोरींना पुस्तक उघडायला कोपरा मिळत नाही. तिनं बंगला पाहिला होता आणि तो तिला भलता आवडला होता.

"भिंती लई चांगल्या हायत, मॅडम. पण फायलीत तुमच्या वडिलांचा शेरा हाय, भिंती हलून राहिल्यात म्हणून. ती एक ओळ आडवी येऊन राहिलीय. त्यात काचपट्ट्यांच्या नोंदवहीचा दाखला हाय. ती वही तुमच्याकडं हाय का? पंधरा दिवसांत पाडायचा हुकूम निघतोय."

बघून सांगते, म्हणाले. वही माझ्या समोरच्या कपाटात होती.

दोन दिवस मला काही सुचलं नाही. गप्प बसले तर बंगला जाणार, विटांवरचे अंगठे जाणार, अक्काची पावलं जाणार, आणि माझं गुपित त्या ढिगाऱ्याखाली कायमचं गाडलं जाणार. खरं सांगते, त्या शेवटच्या गोष्टीचा मला क्षणभर मोह पडला. पण बोलले तर अण्णांचं काय? अण्णांचं माप चुकत नाही, असं खात्यात सगळे म्हणायचे. उभ्या नोकरीत त्यांचा एकच शेरा चुकीचा ठरणार होता, आणि तो मी चुकवला होता. मेलेल्या माणसाला आता जाऊन कसं सांगायचं, की तुमच्या लेकीनं तुम्हाला फसवलं? तिसऱ्या दिवशी मी वही कापडात गुंडाळली आणि सकाळची बस धरली. 

मुलगी रस्त्यावर वाट बघत होती. ठेंगणी, चटपटीत, गळ्यात मोजायची टेप. बंगल्याच्या आवारात रुईची झुडपं माजली होती, लिंब मात्र तसाच होता. शेड नव्हतं.  मी व्हरांड्याच्या टोकाकडं पाहिलं. अर्ध्या कमानीची खिडकी उघडीच होती आणि आत काळोख होता.

तिनं मोठं दार ढकललं. "या ना, मॅडम."

मी उंबऱ्याशी थांबले. आत वटवाघळांचा वास कोंडला होता. झरोक्यांतून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या आल्या होत्या. फरशीवर बोटभर धूळ होती, आणि मुलगी आधी येऊन गेल्यामुळं तिच्या बुटांनी काही ठिकाणी ती पुसली गेली होती. तिथं तिथं तांबडं दिसत होतं.

"हे काय हाय म्हणून मी परवा पुसून बघितलं," ती म्हणाली. "महालक्ष्मीची पावलं! ऑइलपेंटची! आमच्याकडं असं केलं तर आई जीव घेईल."

"घेतच होती," मी म्हणाले.

ती भिंती दाखवत सुटली. अण्णाच जणू पुन्हा पाहुण्याला घेऊन फिरत होते. भिंतीत छाताडाच्या उंचीवर आणि दारांच्या वर सागवानी तुळयांचा पट्टा सलग फिरवलेला होता, कोपऱ्यात एकमेकींत अडकवलेला. गिलावा पडल्यामुळं तो आता दिसत होता. भूकंपात बंगला उभा राहिला तो या पट्ट्यामुळं, ती म्हणाली. मी हो हो म्हणत होते आणि पावलांच्या कडेकडेनं चालत होते. तिनं मागच्या खोल्यांत भेगा दाखवल्या. प्लास्टरचे गोळे अजून भिंतीला चिकटलेले होते, आकडे अजून तांबडे होते. चार नंबरच्या गोळ्यात काचेचा एक तुकडा अडकून होता. मी त्याच्याकडं बघत राहिले. बाहेर कुठंतरी पारवा फडफडला, मग सगळं गप्प झालं, आणि त्या शांततेत मला पुढच्या खिडकीतून स्पष्ट ऐकू आलं. गाडीत काय हाय?

भास होता, ते मला तेव्हाही कळत होतं. पण उत्तर दिल्याशिवाय मला तिथून हलता येणार नव्हतं.

"या काचा मी फोडल्या," मी म्हणाले. "भिंत हलली नव्हती. मी दहा वर्षांची होते. बत्त्यानं फोडल्या, सहाच्या सहा. माझ्या वडिलांना हे माहीत नव्हतं. त्यांनी जे पाहिलं ते इमानदारीनं लिहिलं. दोष त्यांचा नाही, हे तुमच्या कागदावर आधी यायला पाहिजे."

 मुलीनं हात पुढं करून वही मागितली. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून एकेक पान उलटत गेली. मला तिच्या चेहऱ्याकडं बघवेना, मी भिंतीकडं बघत होते.

"मॅडम," ती म्हणाली, "वडिलांना ठाऊक होतं."

मी वळले. पानावर पेन्सिलीनं काचेची पट्टी काढलेली होती, मापासकट. मधोमध एक बिंदू आणि त्यातून चहूबाजूंना निघालेल्या रेषा. प्रत्येक फुटक्या काचेचं चित्र तसंच.

"भिंत सरकली तर काच भेगेच्या रेषेवर सरळ तडकते. एकच चीर. हे चांदणीवानी हाय, म्हंजे मार लागलाय. हे मला कळतंय, तर त्यान्ला कळलं नसल का?" तिनं बोट चित्रावर ठेवलं. "शेऱ्यात 'भिंत हलली' लिव्हलंय. पण चित्र खरं काढलंय."

मी कट्ट्यावर बसले. स्टुलावर बसून पेन्सिल चालवणारे अण्णा आणि त्यांनी एकदाच माझ्याकडं टाकलेली नजर आठवली. इतकी वर्षं मी त्यांना फसवलं म्हणून मनातल्या मनात कुढत होते. आणि त्यांनी मला पहिल्याच संध्याकाळी पकडलं होतं.

"सात नंबर कुठं हाय?" मुलीनं विचारलं.

"सहाच होत्या."

"न्हाई. इथं शेवटी सात नंबर हाय. मधली खोली, कोनाड्याच्या वर."

मधल्या खोलीत पावलं जिथं संपतात त्या भिंतीकडं मी त्या दोन वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं. मुलीनं शिडी लावली आणि कोनाड्याच्या बरंच वर, झरोक्याच्या खाली, धूळ पुसली. तांबडा सात दिसला. शेजारी, पलीकडच्या खोलीतून वर चढत आलेल्या भेगेवर, आडवी काच. तिनं बॅटरीचा उजेड पाडला तशी काच चमकली. अख्खी. कुठं एक चीर नाही.

"तीस वर्षं झाली, मॅडम," ती शिडीवरूनच म्हणाली.  "ह्या एका काचेवर मी बंगला वाचवते."

ती फोटो काढत होती तोवर मी शेवटची पानं वाचली. दुसरी काच फुटली त्याच आठवड्यात अण्णांनी सातवी लावली होती, माझा हात पोचणार नाही आणि माझी नजर जाणार नाही अशा जागी. पुढं दर रविवारची तारीख आणि तारखेपुढं एकच शब्द, 'शाबूत'. रविवारी ते सामान तपासून येतो म्हणायचे आणि पुढच्या दारानं आत जायचे. पानंच्या पानं शाबूत. त्यांना दर रविवारी कळत होतं की बंगला पक्का आहे. आई पत्र्याखाली तळमळतेय हे दिसत होतं. तिची बोलणी खात होते. आणि पोरीला त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही.

शेवटच्या नोंदीपुढं शेऱ्याच्या रकान्यात त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'भिंत स्थिर. पोरगी अजून नाही.'

मी ते बोट फिरवत दोनदा वाचलं. मग मला रडू आलं. अण्णा गेले तेव्हाही मी इतकी रडले नव्हते. मुलगी शिडीवरून उतरली, जवळ येऊन उभी राहिली, पाण्याची बाटली माझ्यापुढं धरली. माझं रडणं आवरेपर्यंत उन्हाच्या पट्ट्या फरशीवर बऱ्याच पुढं सरकल्या होत्या. पावलांच्या शेवटच्या जोडीवर ऊन आलं होतं. एका पावलाचा अंगठा फिसकटलेला दिसला. तिथं अक्काला मागून मीच धक्का दिला होता, हे मला इतक्या वर्षांनी आठवलं.

"तुमचं म्हणणं लेखी लागंल," मुलगी हळूच म्हणाली. "काचा कशा फुटल्या ते. सही करून. जमंल का?"

"जमेल."

तिनं पिशवीतून कोरे कागद काढले आणि वर छताकडं, मग माझ्याकडं पाहिलं. "भायेर व्हरांड्यात बसू या का, मॅडम? उजेड हाय."

"नको," मी म्हणाले आणि कोनाड्याखाली भिंतीला टेकून बसले. "आतच बसू."